वाघाचं पोट कमी करा

साडीच्या दुकानाचा खरा वैरी कोण, हे नागपूरच्या कापडबाजारात, गांधीबागेत, कोणालाही विचारा. समोरचं दुकान नाही, ऑनलाइनवाले नाहीत. गिऱ्हाइकाबरोबर आलेलं पोर. नवऱ्याचं एक बरं असतं. त्याला चहा दिला, पंख्याखाली बसवलं की तो निपचित पडून राहतो. पोराचं तसं नाही. आईनं पदर खांद्यावर घेतला, आरशात मान वाकडी करून पाहिली, आता ती "हीच द्या" म्हणणार, नेमकी तेव्हाच पोराला सू लागते.

भैय्याजींच्या दुकानात मात्र ही अडचण नव्हती. कारण तिथं डाव्या हाताच्या कोपऱ्यात, खांबाला पाठ लावून, शालिकरामभाऊ बसायचे.

शालिकरामभाऊ म्हणजे उंच, वाळका, मोठ्या कानांचा माणूस. बाप उमरेडचा विणकर, मागावर करवती काठाच्या साड्या विणणारा. करवती म्हणजे काठाला करवतीसारखे बारीक दात. मुलानं माग सोडला पण साडी सोडली नाही. तरुणपणी भैय्याजींच्या वडिलांकडे घड्या घालायला लागला तो लागलाच. एकदा गादीवर एक पोर भोकाड पसरून बसलं होतं. शालिकरामभाऊंनी काळ्या शिफॉनचं गाठोडं केलं, त्याला दोन कान ओढून काढले आणि गाठोड्याला बोलायला लावलं, "काहून रडून राहिला बे? मी अस्वल असून रडत नाही." पोर गप्प. आईनं त्या दिवशी पोतंभर खरेदी केली. तेव्हापासून शालिकरामभाऊंच्या घड्या सुटल्या आणि त्यांच्याकडे पोरं आली.

त्यांच्या गोष्टीत सगळं साड्यांचं असायचं. निळी जॉर्जेट पसरली की नदी, घड्यांची चळत म्हणजे डोंगर. वाघासाठी एक पिवळी साडी होती, काळ्या पट्ट्यांची. ती इतकी भयानक होती की कोणी बाई तिला हात लावत नव्हती, त्यामुळे वाघाची नोकरी कायमची झाली. कामठीच्या, महालच्या, कुठकुठच्या बाया पोरांना मुद्दाम घेऊन यायच्या. "चाल, शालिकराम आजोबाची गोष्ट ऐकू," म्हणायच्या, आणि स्वतः आरशासमोर जाऊन बसायच्या.

मग पोरांच्या हातात मोबाइल आले.

पहिल्यांदा शालिकरामभाऊंनी ते मनावर घेतलं नाही. वाघ जरा जोरात ओरडायला लावला. पण एके दिवशी त्यांनी अस्वलाचं गाठोडं एका पोरासमोर नाचवलं, तेव्हा पोरानं मान वर न करता सांगितलं, "आजोबा, थोडे सरकून जा. तुमच्यानं रेंज जाऊन राहिली."

हे भैय्याजींनी गादीवरून ऐकलं. भैय्याजी, म्हणजे मालक. पिढ्यान्‌पिढ्या नागपुरात राहिलेले, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे, मनानं वाईट नसलेले, पण दुसऱ्याच्या दुकानात काही पाहिलं की आपल्या दुकानात आणल्याशिवाय जेवण न जाणारे. सीताबर्डीच्या एका दुकानात त्यांनी भिंतीवर मोठा टीव्ही पाहिला होता. त्यावर कार्टून चालू आणि खाली पोरं ओळीनं, तोंडं उघडी.

"देखो शालिकराम," ते म्हणाले, "जमाना बदलून गेला. लगनसराईच्या आधी खांबावर टीव्ही लावून घेऊ. तुझं वरती गोदामात करून देतो. आरामच आराम."

"गोदामात का करू, भैय्याजी?"

"माल पाहायचा. शांतता आहे तिथं."

शांतता. तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली, डांबरगोळ्यांच्या वासात. लग्न झाल्यापासून हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो, असं त्यांची बायको सांगते. त्याला बोलायला तिथं सुरतेहून आलेल्या गठ्ठ्यांशिवाय कोणी नव्हतं. शालिकरामभाऊंच्या तोंडून विचार करायच्या आधीच निघून गेलं, "अन् टीव्हीवर माझीच गोष्ट लावली तं?"

"तुझी? चित्रं कुठून आणशील?"

"आणतो नं."

भैय्याजींनी सुपारी तोंडात टाकली. "ठीक आहे. पुढच्या रविवारी टीव्ही लागते. पहिला दिवस तुझा. पोरं तुझ्या गोष्टीले बसली तं कोपरा तुझा. नाही बसली, तं गोदाम."

आता शालिकरामभाऊंना चित्र काढता येतं का? त्यांनी एकदा पाहुण्यांना घराचा रस्ता कागदावर काढून दिला होता, ते पाहुणे अजून दुसऱ्याच कोणाच्या आत्याकडे जेवून आल्याचं सांगतात.

पण घरी रुचिका होती. रुचिका, त्यांची मुलगी, सीताबर्डीवर मोबाइलच्या दुकानात काउंटरला. सुट्टीच्या दुपारी तिनं बापाच्या फोनमध्ये एक एआय सहायक घालून दिला. बाजेवर बाप, खाली सतरंजीवर आई मैनाबाई वाटाण्याच्या शेंगा सोलत.

"बाबा, याले गोष्ट सांगा. हे चित्र काढून देते."

"कोन काढते?"

"कोनी नाही. हेच."

शालिकरामभाऊंनी घसा खाकरला. पण नवीन माणसाशी एकदम कामाचं बोलणं त्यांच्या रीतीत बसेना. त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला. "नमस्कार. जेवन झालं का?"

फोनमधून एका बाईचा गोड आवाज आला, "नमस्कार. मी जेवत नाही, पण आपण आपुलकीनं विचारलंत, छान वाटलं. आज आपण काय तयार करू या?"

मैनाबाईंच्या हातातली शेंग थांबली. "हे पुण्याची होय का वं रुचिका? जेवत नाही म्हनते, अन् आपल्याले विचारतही नाही."

"आई, मशीन आहे ते."

"असू दे. मशीनले रीत नसते का?"

शालिकरामभाऊंनी गोष्ट सांगितली. जंगलात एक वाघ आहे, त्याचं साड्यांचं दुकान आहे. एक अस्वलबाई पोरीच्या लग्नाची साडी घ्यायला येते. थोडं थांबल्यावर चित्र आलं. काचेचं मोठं दुकान, थंडगार दिवे, हँगरवर शर्टासारख्या टांगलेल्या साड्या, आणि मध्ये कोट-टाय घातलेला वाघ, उभा.

"हा उभा काहून आहे? साडीवाला कधी उभा राह्यते का? बसव त्याले."

"नक्कीच," बाई म्हणाली. वाघ बसला. सोन्याच्या सिंहासनावर, डोक्यावर मुकुट.

"राजा नाही बाई, दुकानदार. दुसरं दाखवा."

"नक्कीच. हा पाहा दुसरा पर्याय."

"याच्यात गादी नाही. अजून दाखवा."

"नक्कीच. आपली नजर फार बारकाईची आहे."

शालिकरामभाऊ फोन खाली ठेवून मुलीकडे पाहू लागले. "रुचिका, हे कंटाळत नाही का?"

"नाही बाबा."

"मनातल्या मनात शिव्या देत असन."

"मन नाही त्याले."

"तोंडही वाकडं करत नाही. वरतून आपलीच तारीफ करून राहिली." त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हनजे हे आपल्याच धंद्यातली आहे."

आणि मग जे झालं ते घरातल्या दोघींनी आधी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांसाठी साड्या उलगडल्या होत्या. आज पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यासाठी उलगडत होतं. शालिकरामभाऊ बाजेवर मांडी ठोकून, गांधीबागेत आजवर आलेली सगळी गिऱ्हाइकं एका दमात झाले.

"याच्यातच हिरवा नाही का?"

"याच्यात थोडा फिका दाखवा. वाघ असाच राहू द्या, जंगल फिकं."

"ते मघाचं तिसरं होतं नं, ते परत दाखवा. नाही, त्याच्या आधीचं."

"हे चांगलं आहे, पन पोत आवडला नाही."

मैनाबाईंच्या शेंगा संपल्या. त्या टरफलांकडे बघत राहिल्या. "अजी, किती छळता त्या बिचारीले."

"तिचं कामच आहे ते. आमचं नव्हतं का?" शेवटी फोन इस्त्रीसारखा तापला तेव्हा शालिकरामभाऊ चप्पल शोधत उठले आणि फोनला म्हणाले, "ठीक आहे. घरी विचारून सांगतो."

"बाबा," रुचिका म्हणाली, "तुम्ही घरीच आहात."

खरी अडचण पुढे होती. रुचिकानं सगळी चित्रं ओळीनं लावून पाहिली. पहिल्यात वाघ होता. दुसऱ्यात तोच वाघ बारीक होऊन मांजराकडे झुकला होता. तिसऱ्यात त्याला आयाळ आली होती.

"असं नाही चालत बाबा. पोरं म्हनतीन, वाघ कुठी गेला? प्रत्येक वेळी त्याचं सारखंच वर्णन सांगा. कसा आहे तुमचा वाघ?"

"वाघासारखा."

"तोंड कसं आहे?"

शालिकरामभाऊंनी डोळे मिटले. "तोंड... वाघाचं."

त्यांना तोंडं सांगता यायची नाहीत. गिऱ्हाईक त्यांना तोंडावरून आठवायचंच नाही. लाल बांधणीवाली, कोसा रेशीमवाली, पदर फाटका म्हणणारी, असंच आठवायचं. मग रुचिकानं विचारलं, "बरं, घातलं का आहे त्यानं?" आणि नळ फुटावा तसे शालिकरामभाऊ वाहू लागले. दुकानदार वाघ कसा असतो, तर पांढरी सफारी, कडक इस्त्रीची. खिशाला दोन पेन. डाव्या खांद्यावर चौकटीचा रुमाल. चष्मा नाकावर नाही, कपाळावर चढवलेला. हातात सुपारीचा पितळी डबा. पोट चांगलं गरगरीत, बटणं ताणलेली, शेवटचं बटण उघडं.

"नक्कीच," बाई म्हणाली.

वाघ आला. पुढच्या चित्रातही तोच आला. तोंड प्रत्येक वेळी थोडं इकडंतिकडं व्हायचं, पण सफारी, रुमाल, चष्मा, डबा, पोट, सगळं जागच्या जागी. रुचिका खूश झाली. मैनाबाईंनी हात पुसून फोन जवळ घेतला आणि लांब धरला.

"अजी, हा वाघ मले पाह्यल्यासारखा वाटते."

"महाराजबागेच्या पिंजऱ्यात पाह्यला असशीन."

"तिथी सफारीत नव्हता."

"मग लग्नात पाह्यला असशीन," शालिकरामभाऊ म्हणाले आणि अस्वलबाईकडे वळले. तिला त्यांनी गर्द जांभळी साडी नेसवली. काठाचं सांगताना त्यांचा आवाज खाली आला. लाल काठ, दोन्ही बाजूंनी दाते, एकसारखे, मुंगीनं पावलं मोजत चालावं तसे. चित्र आलं. शालिकरामभाऊ ते बोटांनी मोठं करून काठाजवळ नेत राहिले.

"का झालं बाबा? दुसरं काढू?"

"नाही. काठ बरोबर आला." मग बरंच उशिरा त्यांच्या लक्षात आलं. "पन वाघाले तीन हात आले."

खरंच आले होते. गोष्टीच्या मधल्या चित्रात वाघाला तीन हात होते. ते बदलायला सांगितलं तर बाई पहिल्यांदाच म्हणाली, "क्षमस्व, आजची मर्यादा संपली आहे."

"पाह्य," शालिकरामभाऊ म्हणाले, "शटर पाडलं तिनं. पाडाच पाहिजे असल्या गिऱ्हाइकावर."

पुढचे दिवस लगनसराईच्या मालाची आवक, घरी यायला उशीर, आणि तीन हात तसेच राहिले.

रविवारी खांबावर टीव्ही लागला. रुचिकानं सकाळी येऊन फोन त्याला जोडून दिला, पुढचं चित्र कसं आणायचं ते दाखवलं आणि आपल्या कामावर पळाली. दुकान भरलं होतं. कामठीहून इंदूबाई आल्या होत्या, मुलाच्या लग्नाचा बस्ता बांधायला, सोबत सुना, नणंदा, जावा आणि एक नात, वैदेही. वैदेहीच्या हातात आईचा मोबाइल. तिच्यासारखीच आणखी पाच-सहा पोरं खांबाखाली आणून सोडली गेली. सगळ्यांच्या माना खाली.

गादीवरून भैय्याजी बघत होते. गोदामाची किल्ली त्यांनी मुद्दाम समोर ठेवली होती.

शालिकरामभाऊंनी पहिलं चित्र लावलं. "जंगलात एक वाघ होता."

माना खालीच.

"त्याचं साड्यांचं दुकान होतं."

एक मान हलली. वैदेहीनं एक डोळा वर केला. "आजोबा, वाघ सफारीत काहून आहे?"

"दुकानदार आहे नं तो."

"शिकार नाही करत?"

"करते नं. पन दुकानातल्या दुकानात." शालिकरामभाऊंनी खांबाला टेकलेली पाठ सोडली. "त्या जंगलात असं होतं, की वाघाच्या दुकानातून रिकाम्या हातानं कोनी परत जायचं नाही. कोनाची हिंमत होती? ससा आला, त्याले नऊवारी दिली. तो आत हरवला. अजून सापडून राहिला नाही. हत्ती आला. वाघानं त्याले रुमाल दाखवला. हत्ती म्हने, भैय्या, हे मले होत नाही. वाघ म्हने," आणि इथं शालिकरामभाऊंनी आवाज घशातून काढला, जाड, सुपारी चघळत, "देखो भाईसाब, फ्री साइज आहे. एक धुलाई झाली की अंगावर येऊन जाते."

पोरं हसली. गादीपाशी बसलेल्या दोन बायाही हसल्या. हा आवाज शालिकरामभाऊ वाघाला कित्येक वर्षं देत होते. पिवळ्या साडीच्या गाठोड्यातून तो यायचा, तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं.

तीन हातांचं चित्र आलं. वैदेहीनं मोबाइल उलटा ठेवला.

"आजोबा, याले तीन हात आहेत."

शालिकरामभाऊंनी चित्राकडं पाहिलं. चित्रानं त्यांच्याकडं. "आहेत नं. दोन हातानं तो साडी दाखवते."

"अन् तिसऱ्यानं?"

"तिसऱ्यानं गिऱ्हाइकाचा पदर धरून ठेवते. उठून जाऊ नये म्हनून."

आता इंदूबाईंनी हातातली साडी खाली ठेवली. "खरंच सांगून राहिले भाऊ," त्या सुनेला म्हणाल्या, "मागच्या वर्षी मले असाच धरला होता." आणि त्या सगळं वऱ्हाड घेऊन खांबाकडे तोंड करून बसल्या.

"मग आली अस्वलबाई," शालिकरामभाऊ म्हणाले. पडद्यावर जांभळी साडी, लाल काठ. "पोरीचं लगन. बसली मांडी घालून. वाघानं एक साडी टाकली. बाई म्हने, दुसरी दाखवा. वाघानं दुसरी टाकली. बाई म्हने, याच्यात फिका नाही का? हत्ती मेल्यासारखा झाला, म्हने आता खाते वाघ हिले. वाघ उठला, डरकाळी फोडली, म्हने, बहेनजी, मी वाघ आहे. बाई म्हने, वाघ असशीन घरी. इथी काठ दाखव."

दुकानात इतका हशा उठला की काउंटरवरचा धंदा बंद पडला. आणि धंदा बंद पडला की भैय्याजी उठतात. ते गादीवरून उतरले. खांबाशी येऊन, टीव्हीखाली, पोरांकडे तोंड करून उभे राहिले. पांढरी सफारी. खिशाला दोन पेन. खांद्यावर चौकटीचा रुमाल, कपाळावर चष्मा, हातात पितळी डबा.

"का चालू आहे?" त्यांनी विचारलं.

वैदेहीनं वर पाहिलं, खाली पाहिलं. परत वर. मग अगदी हळू, बोट न दाखवता, ती म्हणाली, "आजोबा, वाघ आला."

शालिकरामभाऊ वळले. आजवर त्यांनी वाघ वेगळा पाहिला होता आणि मालक वेगळा. आता दोघे वर-खाली होते. सफारीवर सफारी. बटणावर बटण. शेवटचं उघडं, तेही दोन्हीकडे. शालिकरामभाऊंच्या नाकात तिसऱ्या मजल्यावरचा डांबरगोळ्यांचा वास आला.

सगळे कुठं बघताहेत हे पाहून भैय्याजीही वळले. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला. बराच वेळ पाहिलं.

"शालिकराम."

"जी."

"ये कौन है?"

"वाघ आहे, भैय्याजी."

"कोन्ता वाघ?"

"रामटेककडचा."

"रामटेकच्या वाघानं सफारी कुठून शिवली?"

उत्तर दिलं ते इंदूबाईंनी. "तुमच्याच टेलरकडून वाटते, भैय्याजी."

कोणी हसलं नाही. म्हणजे सगळे हसू दाबून बसले. भैय्याजींनी पडद्यावरच्या पोटाकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या. डबा त्यांनी पाठीमागं लपवला, जसं काही डब्यावरूनच ओळख पटत होती.

"पोट इतकं आहे का माझं?"

आता त्या दुकानातले सगळे विक्रेते वर्षानुवर्षं एकच शिकलेले. गिऱ्हाइकाला खरं सांगायचं नाही. सगळे एकदम बोलले.

"नाही, नाही, भैय्याजी. टीव्हीत फुगून दिसते."

"लाइटमुळं वाटते. उजेडात नेऊन पाहा."

"अंगावर घेतल्यावर वेगळं दिसते," तिसरा सवयीनं म्हणून गेला.

भैय्याजी गादीकडे वळले. त्यांचा हात किल्लीकडे गेलेला शालिकरामभाऊंनी पाहिला. तेवढ्यात इंदूबाई म्हणाल्या, "ते जाऊ द्या, भैय्याजी. मले ते अस्वलीच्या अंगावरची साडी दाखवा. नवरीले तेच घ्याची आहे."

"मलेही," धाकटी नणंद म्हणाली.

"आहे नं बहेनजी, आहे," भैय्याजींच्या तोंडून आपोआप निघालं. गिऱ्हाइकानं चंद्र मागितला तरी त्यांच्या तोंडून हेच निघतं. मग ते खांबाशी परत आले आणि ओठ न हलवता विचारलं, "आहे का?"

"नाही," शालिकरामभाऊ तसेच ओठ न हलवता म्हणाले. "करवती आपन ठेवतच नाही. उमरेडले सांगून मागवा लागते."

"मागव." मग ते इंदूबाईंकडे वळले. "आतमध्ये आहे, बहेनजी. काढाले थोडा वेळ लागन. तवरोक गोष्ट ऐका."

"हो, अन् वाघानं तिले खाल्लं का?" वैदेहीनं विचारलं. पोरं सगळी पुढे सरकली होती. मोबाइल जमिनीवर उलटे पडले होते, एकावर तर एक पोर बसलं होतं.

शेवटचं चित्र काय आहे ते शालिकरामभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी फोन खिशात घालायला घेतला.

"बता ना," भैय्याजी म्हणाले. "पुढं का झालं वाघाचं?"

"पुढं विशेष काही नाही."

"लाव."

शालिकरामभाऊंनी लावलं. पडद्यावर सफारीतला वाघ शेपटी पायात घालून डोंगर चढून पळत होता. रुमाल हवेत, चष्मा खाली पडलेला. मागे दुकानात अस्वलबाई शांत बसली होती, साड्यांच्या ढिगावर, हात पुढे करून.

"मग वाघ पळाला," शालिकरामभाऊ पुटपुटले. "दुसरी दाखवा, दुसरी दाखवा करता करता पळाला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भैय्याजींनी नाही.

"पळाला? दुकान सोडून?"

"हो."

"समोर गिऱ्हाईक बसलं असताना?"

"गोष्ट आहे, भैय्याजी."

"असू दे गोष्ट." ते खरंच दुखावले होते, आणि सफारीमुळं नाही, पोटामुळंही नाही. "वाघ असू दे, कोनी असू दे. गिऱ्हाईक सोडून दुकानदार पळत नाही. माझ्या वडलांना ताप होता तरी उठले नाहीत गादीवरून. हे चित्र गलत आहे. दुसरं दाखव."

दुसरं दाखव. हे ऐकल्याबरोबर शालिकरामभाऊंची पाठ आपोआप ताठ झाली. हे शब्द ऐकले की काय करायचं, ते त्यांच्या हाडांना ठाऊक होतं. त्यांनी फोन हातात घेतला, पण दाबला नाही.

"दाखवतो नं, भैय्याजी. पन दुसरं काढाले नेट लागते. अन् गोदामात रेंज येत नाही."

भैय्याजींनी त्यांच्याकडं पाहिलं. पोरांकडं पाहिलं. वऱ्हाडाकडं पाहिलं, ते हललं नव्हतं. "मग इथंच बस," ते म्हणाले. "कोन म्हनते जा म्हनून? पन पहिले पोट कमी कर."

शालिकरामभाऊंनी फोन तोंडाशी धरला. "नमस्कार बाई. वाघ पळाला नाही. तो बसून अस्वलबाईले साडी दाखवून राहिला. अन् वाघाचं पोट कमी करा."

"नक्कीच," बाई म्हणाली.

पोट कमी झालं. फक्त कमी झालेलं पोट अस्वलबाईला गेलं. इंदूबाईंनी हरकत घेतली. दुसरं आलं, त्यात पोट दोघांचंही बरोबर होतं, पण वाघाच्या मिशा गेल्या होत्या. भैय्याजी गादी विसरून पोरांमध्ये खाली बसले, वैदेहीच्या शेजारी.

"याच्यात मिशा नाही का?"

"आहे नं, भैय्याजी. दाखवतो."

"मिशा चांगल्या आहे, पन सफारीचा रंग. थोडा क्रीम दाखव."

"क्रीम चेहऱ्याले खुलून दिसन तुमच्या... वाघाच्या."

"ते मघाचं परत आन. नाही, त्याच्या आधीचं."

"तीन हात ठेवा," वैदेही म्हणाली.

"तीन हात ठेव," भैय्याजी म्हणाले. "कामाचे आहे."

एका बाजूला वऱ्हाडासाठी चहा आला, दुसऱ्या बाजूला शालिकरामभाऊ एकामागून एक वाघ उलगडत राहिले, प्रत्येकाची तारीफ करत, एकदाही तोंड वाकडं न करता. शटर ओढायची वेळ झाली तेव्हा भैय्याजी गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यांनी डबा उचलला. गोदामाची किल्ली उचलून खिळ्याला टांगली. दाराशी जाऊन एकदा पडद्याकडे वळून पाहिलं, जिथं एक सडपातळ वाघ तीन हातांनी साडी दाखवत बसला होता.

"ठीक आहे, शालिकराम," ते म्हणाले. "घरी विचारून सांगतो."